शिक्षा ठरताना ती कुठे असते?



जिल्हा न्यायालयातला एक दिवस डोळ्यांसमोर आणा. बलात्काराचा खटला, निकालाची तारीख. पट्टेवाल्याने पुकारा केला आहे. न्यायाधीशांनी आरोपीला दोषी ठरवलं आहे, पण शिक्षा अजून सुनावलेली नाही. दोषी ठरलेल्या माणसाला शिक्षेबाबत काय म्हणायचं आहे ते आधी ऐकून घ्या, असं कायदा सांगतो. न्यायाधीश विचारतात. पिंजऱ्यातला माणूस हात जोडतो. घरी म्हातारी आई आहे, साहेब. बायको आहे, दोन लेकरं आहेत. कमावता मी एकटाच. पहिलाच गुन्हा आहे, दया करा. लघुलेखक ते उतरवून घेतो. निकालपत्रात त्याला स्वतंत्र परिच्छेद मिळतो.

त्या वेळी ती कुठे असते?

बहुधा कोर्टात नसते. तिची साक्ष, उलटतपासणी कधीच होऊन गेली. साक्षीदार म्हणून तिचं काम संपलं. किती वर्षांची शिक्षा झाली हे तिला संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून कळतं, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून. त्याच्या आईचं म्हातारपण निकालपत्रात आलेलं असतं. हिने कॉलेज का सोडलं, रात्री दिवा मालवू का देत नाही, हिच्या आईने शेजारीपाजारी जाणं का टाकलं, हे कुठेच आलेलं नसतं.

लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांत मिळणाऱ्या सौम्य शिक्षांबद्दल लोक चिडलेले आहेत. ती चीड एसटीत ऐकू येते, पारावर ऐकू येते, मोर्च्यांत दिसते. ती खरी आहे आणि योग्यही आहे. पण ती जाते कुठे? फाशीच्या मागणीकडे जाते, नाहीतर ‘भर चौकात उभं करा’ या वाक्याकडे. आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ. सौम्यपणा कोर्टाच्या कोणत्या दारातून आत येतो, ते दार शोधू.

सुरुवात घरापासून करू. सावित्रीबाई फुले साताऱ्याच्या लेकी. नायगाव त्यांचं माहेर. पुण्यात त्यांनी आणि जोतीरावांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, हे शाळेतल्या पुस्तकात असतं. त्यामागची हकिकत मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं. दिवस राहिले, आणि शास्त्र्याने हात वर केले. बाळ जन्मलं, अब्रूच्या भीतीने तिने ते मारलं आणि विहिरीत टाकलं. खटला उभा राहिला. काशीबाईला जन्मठेप झाली, काळ्या पाण्याची. शास्त्र्याला काहीही झालं नाही. जोतीरावांनी ही गोष्ट 1884 मध्ये सरकारकडे पाठवलेल्या टिपणात लिहून ठेवली. तिच्यावर बळजबरी झाली की तिची फसवणूक झाली, हे आज कुणाला ठरवता येणार नाही. पण शिक्षेच्या तराजूत कुणाचं पारडं रिकामं राहिलं, ते 140 वर्षांनंतरही स्वच्छ दिसतं.

सातारा-सांगलीत हा विषय निघाला की दोन आठवणी हमखास निघतात. पहिली रांझ्याच्या पाटलाची. शिवरायांनी त्याचे हातपाय तोडायला लावले, एवढंच लोक सांगतात आणि टाळ्या घेतात. त्या प्रकरणाच्या कागदात आणखी एक गोष्ट आहे: त्याची पाटीलकी काढून घेतली गेली. म्हणजे गुन्हेगार गावचा पाटील होता, आणि ज्या अधिकाराच्या जोरावर त्याने बदअंमल केला तो अधिकारच गेला. हातपाय तोडण्याचा काळ मागे पडला, तो पडायलाच हवा होता. पण पाटीलकी? आज ती संस्थाचालकपणाची असते, मुकादमपणाची असते, वर्दीची असते. अधिकारामुळे गुन्हा जास्त गंभीर ठरतो हे त्या कागदाला कळलं होतं. पुढच्या काळातल्या काही निकालांना ते कळलं नाही. त्यांतल्या एकाची गोष्ट थोड्या वेळाने येईलच.

दुसरी आठवण प्रतिसरकारची. 1943 ते 1946 या काळात, सांगली वेगळा जिल्हा होण्याआधीच्या साताऱ्यात, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. सावकार, दरोडेखोर, खबरे आणि बायाबापड्यांवर हात टाकणारे गुंड त्यांच्यापुढे उभे केले जात. तळपायावर काठ्या बसत. ‘पत्री सरकार’ हे नाव त्यातूनच पडलं, असं सांगतात. त्या शिक्षेचं कौतुक करण्याचं कारण नाही. सध्याच्या राज्यघटनेखाली तसं चालणार नाही, चालू नये. पण एका गोष्टीचा विचार करा. ते न्यायदान गावात, लोकांसमोर होई. जिच्यावर अन्याय झाला ती गावातच असे. निकाल तिच्या कानांवर पडे. आज कराडला चालणाऱ्या खटल्याचा निकाल जतच्या वस्तीवर कधी पोचतो?

आता पुस्तकातल्या कायद्याकडे येऊ. 1860 च्या भारतीय दंड संहितेत बलात्काराला जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद होती. ‘पर्यंत’ हा शब्द नीट ऐकावा. वरची मर्यादा होती, खालची नव्हती. 10 वर्षंही देता येत आणि 10 महिनेही. न्यायाधीशाच्या मनाला येईल ते. असं सव्वाशे वर्षं चाललं.

त्या ‘पर्यंत’मध्ये काय काय मावलं? 1979 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल पाहा. हरियाणातल्या एका तरुणाने भर दिवसा शेजारच्या घरात शिरून तिथल्या बाईवर बलात्कार केला होता. शिक्षा 4 वर्षांची होती, ती 2 वर्षांवर आणली गेली. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. गरिबांचे, कैद्यांचे, कामगारांचे न्यायाधीश म्हणून त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्या निकालात गुन्हेगार म्हणजे वासनेच्या ताणाखाली वाहवलेला पोर आहे. त्याचं वय आहे, त्याची बायको आहे, त्याच्या सुधारणेची आशा आहे. कैद्याकडे माणूस म्हणून पाहणारी ती मोठी नजर पलीकडच्या बाईपाशी मात्र थांबली नाही. यात दुष्टपणा नव्हता, म्हणून तर ते जास्त लागतं. चांगल्या माणसालाही ती दिसली नाही, कारण तिला दाखवण्याची सोयच त्या कामकाजात नव्हती.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1978 मध्ये, मथुरा प्रकरणाचा निकाल लागला होता. हे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलं. मार्च 1972, चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणे. आईबापांविना वाढलेली, मजुरी करणारी एक कोवळी आदिवासी मुलगी तिथे जबाबासाठी नेली गेली आणि रात्री ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एकाला 5 वर्षं आणि दुसऱ्याला 1 वर्ष दिलं. सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे संमती असणार, हा तर्क. पोलीस ठाण्यात, मध्यरात्री, आदिवासी मुलीने ओरडायचं कुणाच्या नावाने?

उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायदेपंडितांनी सप्टेंबर 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. चौघांच्या सह्यांचं पत्र, पण त्याने देश हलवला. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पहिल्यांदाच खालची मर्यादा आली: किमान 7 वर्षं, आणि पोलीस किंवा कोठडीतल्या बलात्काराला किमान 10.

इथे टाळ्या वाजवाव्यात अशी जागा आहे. पण त्याच कलमाला शेपूट होतं. ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ असतील तर न्यायालयाला किमान मर्यादेपेक्षाही कमी शिक्षा देता येईल. कारणं लेखी नोंदवायची, बस्स. मंडळी, आज आपण जे दार शोधतो आहोत त्यातलं एक हे.

या दारातून कोण कोण बाहेर पडलं? 1989 मध्ये हरियाणातले दोन पोलीस. म्हणजे ज्यांच्यासाठी 10 वर्षांची किमान मर्यादा मुद्दाम घातली, नेमके तेच. कारण काय, तर मुलीचं वर्तन. शिक्षा 10 वरून 5 वर आली. पाटलाची पाटीलकी काढून घेणं राहिलंच, वर्दीवाल्याला सूट मिळाली. पुढे कर्नाटकात सात-आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करणाऱ्याची 10 वर्षांची शिक्षा उच्च न्यायालयाने 4 वर आणली. कारणं: तो अडाणी, दुर्बळ घटकातला, दारूच्या आहारी गेलेला, घरची माणसं त्याच्यावर अवलंबून. दारू हेही शिक्षा कमी करण्याचं कारण झालं! सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली हा निकाल फिरवून 10 वर्षं कायम केली, हे सांगायलाच हवं. न्यायालयं चुकतात तशी चूक दुरुस्तही करतात.

आणि 2011 चा पंजाबचा एक निकाल. घटना 1997 मधली, सामूहिक बलात्काराची. शिक्षा 10 वर्षं. सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत 14 वर्षं गेली, दोन्ही बाजूंनी तडजोड झाल्याचं सांगितलं. न्यायालयाने साधारण साडेतीन वर्षांच्या भोगलेल्या कैदेवर आरोपींना सोडलं आणि दंड 50,000 रुपयांवर नेला. निकालात नोंद आहे की तिचं आता लग्न झालं आहे, तिला दोन मुलं आहेत. इथे जरा थांबावं. ती सावरली, संसाराला लागली, हे तिचं धैर्य. त्याचा फायदा कुणाच्या खात्यावर जमा झाला? तिने खचून जायला हवं होतं का, म्हणजे त्यांना पूर्ण शिक्षा झाली असती?

‘तडजोड’ या शब्दावर आपल्या भागात वेगळं बोलायची गरज नाही. ‘प्रकरण मिटवून टाका’, ‘पोरीचं नाव कशाला चव्हाट्यावर’, ‘उद्या लग्न कोण करेल’. ही वाक्यं ऐकली नाहीत असं कृष्णाकाठचं एक गाव दाखवा. दरवर्षीची सरकारी आकडेवारी सांगते की नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारचा, नात्यातला, मालक, शिक्षक. म्हणून तर तडजोडीला माणसं लगेच जमतात. ती दोन्हीकडची पाहुणीच असतात. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजलेलं प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. मुलगी अल्पवयीन होती, आणि ती सज्ञान झाल्यावर लग्न लावू, असं तिच्या अशिक्षित आईशी स्टँप पेपरवर ठरवून घेतलेलं होतं. ‘तिच्याशी लग्न करणार का’ हा सरन्यायाधीशांनी आरोपीला विचारलेला प्रश्न देशभर गाजला. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असं त्यांनी नंतर स्पष्ट केलं. पण तो स्टँप पेपर विसरू नका. स्टँप पेपरवर शेत विकतात, गाय विकतात.

2013 साली शेपूट कापलं गेलं. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा, लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने 29 दिवसांत अहवाल दिला आणि कायदा बदलला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की बलात्कारात तडजोड हे शिक्षा कमी करण्याचं कारण होऊच शकत नाही. 2018 मध्ये किमान शिक्षा 10 वर्षं झाली, 16 वर्षांखालच्या मुलीबाबत 20. जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेतही ती तशीच आहे.

मग संपला का सौम्यपणा?

संपला नाही. कागदावरची शिक्षा वाढली, पण ती होईल याची खात्री वाढली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2019 च्या आकड्यांत बलात्काराच्या निकाली निघालेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण 27.8 टक्के आहे. चारांतला साधारण एकच. बाकीचे निर्दोष असतील, किंवा तपास कच्चा असेल, पंच फिरले असतील, फिर्यादीनेच जबाब बदलला असेल. हे वेगळं करून सांगता येत नाही, आणि निर्दोष माणूस सुटलाच पाहिजे. पण ऊसतोडीचं उदाहरण घ्या. बीडकडची टोळी हंगामाला कृष्णाकाठच्या कारखान्यावर येते. पाचटाच्या खोपीत बाया राहतात, पहाटेच्या अंधारात फडात जातात. समजा त्यातल्या एका पोरीवर हात टाकला गेला आणि तिने धीर करून तक्रार दिली. हंगाम संपला, टोळी परत गेली. समन्स निघालं दीड-दोन वर्षांनी. दोन दिवसांची मजुरी बुडवून, मुकादमाची उचल डोक्यावर असताना, ती शेकडो किलोमीटर येणार, आणि त्या दिवशी तारीख पुढे पडणार. तिसऱ्या खेपेला ती आली नाही, तर ‘फिर्यादी गैरहजर’ अशी नोंद होते. आरोपी सुटतो. त्याच्या सुटकेच्या कागदावर कुठेही ‘सौम्य’ हा शब्द नसतो.

सौम्यपणाचं आणखी एक दार म्हणजे कलमाचाच अर्थ. जानेवारी 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने 12 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटलं की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा बालकांच्या संरक्षणासाठीच्या पोक्सो कायद्याखालचा लैंगिक हल्ला नव्हे, कारण त्वचेचा त्वचेला स्पर्श नाही. 3 वर्षांची शिक्षा 1 वर आली. त्याच महिन्यात गडचिरोलीच्या 5 वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात 5 वर्षांची शिक्षा भोगलेल्या काही महिन्यांवर आली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये दोन्ही निकाल रद्द करून मूळ शिक्षा परत दिल्या. हे घडलं कारण देशाचे महान्यायवादी स्वतः धावून आले होते. प्रत्येक मुलीमागे महान्यायवादी कुठून येणार?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 27 नोव्हेंबर 1973 ला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला, साखळीने गळा आवळला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. लैंगिक अत्याचार झाला होता, पण बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. खटला चालला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. शिक्षा 7 वर्षं. ती भोगून तो बाहेर पडला आणि त्याचं आयुष्य पुढे सुरू झालं. अरुणाताई वॉर्ड नंबर चारशेजारच्या खोलीत पडून राहिल्या. केईएमच्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या देहावर त्यांनी एकही शय्याव्रण होऊ दिला नाही. 18 मे 2015 ला अरुणाताई गेल्या. त्याची शिक्षा 7 वर्षांची, त्यांची जवळपास साडेएकेचाळीस.

म्हणून प्रश्न पुन्हा तोच. शिक्षा ठरताना ती कुठे असते?

कायद्यात एक गोष्ट आहे जी या सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक नसेल. वकील मंडळींना असेल. डिसेंबर 2009 पासून पीडित व्यक्तीला स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 413 मध्ये आहे. आरोपी सुटला तर ती अपील करू शकते. हलक्या गुन्ह्याखाली दोषी ठरला तर करू शकते. भरपाई अपुरी मिळाली तरी करू शकते. आणि शिक्षा अपुरी झाली तर? तर नाही. शिक्षा कमी आहे म्हणून अपील करण्याचा हक्क फक्त सरकारला. सर्वोच्च न्यायालयाने हे 2010 मध्ये स्पष्ट केलं आणि 2020 मध्ये पुन्हा सांगितलं. तिला पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण तो ऐकायचा की नाही हे न्यायालयाच्या मर्जीवर. शिक्षा जास्त झाली म्हणून तो अपील करू शकतो. कमी झाली म्हणून ती करू शकत नाही. पैशांसाठी भांडायला कायद्याने तिला उभं केलं, आणि न्यायासाठी खाली बसवलं.

दुसरी गोष्ट, शिक्षेच्या सुनावणीत तिचं ऐकण्याची. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर यांनी एका निकालात स्पष्ट म्हटलं की गुन्ह्याचा पीडितेच्या आयुष्यावर काय परिणाम झाला याचं निवेदन शिक्षेच्या वेळी न्यायालयासमोर यायला हवं. त्यानंतर फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, कलमांचे आकडे बदलले. दोषीला ऐकण्याची तरतूद कलम 258 मध्ये जशीच्या तशी आली. ती यायलाच हवी होती. गुन्हेगारालाही माणूस म्हणून ऐकणं ही सुसंस्कृत राज्याची खूण आहे. तिला ऐकण्याची सक्ती मात्र आली नाही.

श्रोत्यांमधून एक प्रश्न येणार, तो आधीच घेऊ. एवढी उठाठेव कशाला, सरळ फाशी का नको? वर्मा समितीसमोर सुमारे 80,000 सूचना आल्या होत्या, आणि त्या सगळ्या वाचून समितीने बलात्काराला फाशी नको असंच म्हटलं. ओळखीच्या माणसाला फाशी होणार म्हटल्यावर किती घरं तक्रारीला पुढे येतील? काका, मामा, शेजारी फासावर जाणार म्हटल्यावर घरातच तोंड दाबलं जातं. महाराष्ट्राने शक्ती विधेयक डिसेंबर 2021 मध्ये मोठ्या गाजावाजाने मंजूर केलं, त्यात फाशी होती. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, कायदा झालाच नाही. आणि चकमकीचं म्हणाल, तर हैदराबादला 2019 मध्ये चार संशयित मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. चौकशी आपल्या नागपूरच्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने केली आणि पोलिसांची कहाणी रचलेली असल्याचं सांगितलं. ज्या वर्दीवर 1972 मध्ये देसाईगंजला विश्वास ठेवता आला नाही, तिच्याच हातात निकाल द्यायचा?

आपल्या भागात ऑक्टोबर 2025 मध्ये फलटणच्या शासकीय रुग्णालयातल्या एका तरुण डॉक्टरच्या मृत्यूने दोन्ही जिल्हे हादरले. ते प्रकरण न्यायाच्या वाटेवर आहे. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, म्हणून त्यावर इथे बोलणं उचित नाही. पण तेव्हा जी माणसं रस्त्यावर उतरली ती निकालाच्या दिवशीही न्यायालयात असावीत, एवढं म्हणता येतं. मोर्च्याला हजारो जमतात; शिक्षेच्या सुनावणीला तिच्या बाजूचा बाक रिकामा असतो.

सांगलीने एक गोष्ट देशाला दाखवली आहे. गोकुळनगरच्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी 1996 मध्ये ‘व्हॅम्प’ ही आपली संघटना उभी केली, मीना शेषू यांच्या ‘संग्राम’च्या सोबतीने. त्याआधी आणि नंतरही अशा बाईवर बलात्कार होऊच शकत नाही, असं मानणारे पोलीस, वकील आणि पंच भरपूर होते. पुराव्याच्या कायद्यात बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोडता येईल असं कलम 2003 पर्यंत होतं. या बायका एकट्या ठाण्यात जात नाहीत. पाचजणी, दहाजणी मिळून जातात. हे शिकायला परदेशात जावं लागत नाही.

आता कामाचं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय साताऱ्यात आहे, सांगलीत आहे. पीडितेला तिथे मोफत वकील मिळतो, आणि 2013 पासूनच्या मनोधैर्य योजनेतली मदतही त्यांच्याकडूनच मिळते. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर तिला तिथवर सोबत करा. शिक्षेच्या तारखेआधी सरकारी वकिलांना भेटा आणि तिच्या आयुष्यावर झालेला परिणाम लेखी स्वरूपात न्यायालयासमोर ठेवायला सांगा. तसं करायला कायद्याची आडकाठी नाही. शिक्षा अपुरी वाटली तर सरकारने कलम 418 खाली अपील करावं म्हणून अर्ज द्या. मुदत असते, म्हणून निकालाची प्रत हाती पडताच द्या, वाट पाहू नका. महाविद्यालयांतल्या मुलींनो, हे आकडे वहीत लिहून घ्या: 258, 413, 418.

आणि सातारा-सांगलीच्या खासदारांना पत्र लिहा, साध्या पोस्टकार्डावर लिहा. कलम 413 मध्ये पीडितेच्या अपिलाची जी तीन कारणं दिली आहेत, त्यांत चौथं घाला. ‘अपुरी भरपाई’ तिथे आजही आहे. ‘अपुरी शिक्षा’ नाही.